सहीआधीचा प्रश्न

सरकारी नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी मला शिकवले होते, की ज्या कागदाखाली आपले नाव जाणार आहे तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याखेरीज लेखणी उचलायची नाही. पुढची चौतीस वर्षे, प्रसंगी मंत्र्यांचा रोष ओढवून घेऊनही, मी हा नियम पाळला. गेल्या वर्षी तो मोडला, आणि तोही स्वतःच्याच देहासंबंधीच्या कागदांवर.

पित्ताशयातील खड्यांसाठी बेंगळुरूतील एका खासगी रुग्णालयात मी दाखल झालो होतो. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी होती. रात्री नऊच्या सुमारास परिचारिका इंग्रजीत छापलेले आठ-दहा कागद घेऊन आली आणि कोठे कोठे सह्या करायच्या ते पेन्सिलीच्या फुल्यांनी दाखवू लागली. ती केरळची होती. तिला कन्नड जेमतेम येत होते आणि बारा खाटांची जबाबदारी तिच्यावर होती. पाच मिनिटांत मी साऱ्या सह्या करून मोकळा झालो. एखाद्या कारकुनाने अशी नस्ती माझ्यापुढे ठेवली असती, तर मी त्याला परत पाठवले असते.

दहा वाजून गेल्यावर एक तरुण भूलतज्ज्ञ आल्या. दिवसभराच्या शस्त्रक्रिया आटोपून त्या थेट आल्या असाव्यात, कारण डोक्यावरची टोपी तशीच होती. रोजची औषधे कोणती, असे त्यांनी विचारले. ‘एक साखरेची गोळी, एक रक्तदाबाची,’ मी म्हणालो. बहुतेक रुग्ण एवढेच सांगतात. त्यांचे समाधान झाले नाही. ‘सर, गोळ्यांची पाकिटे बरोबर आहेत का?’ पत्नीने पिशवीतून पाकिटे काढून दिली. साखरेच्या गोळीचे पाकीट त्यांनी दिव्याखाली धरून मागची बारीक अक्षरे वाचली आणि शेवटची गोळी केव्हा घेतली, असे विचारले. ‘आज सकाळी.’ त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘उद्या शस्त्रक्रिया होणार नाही.’

मी चिडलो, हे कबूल करतो. विम्याची मंजुरी आली होती, मुलगी पुण्याहून रजा काढून आली होती. पण ती गोळी डॅपाग्लिफ्लोझिन या औषधाची होती, आणि शल्यविशारदांपासून दाखल करून घेणाऱ्या खिडकीपर्यंत कोणीही तोवर तिच्याबद्दल विचारले नव्हते. विचारणारी व्यक्ती रात्री दहा वाजता आली. अकरा वाजता दमून तशीच घरी गेली असती, तर हा लेख लिहायला मी कदाचित नसतो.

हे औषध वाईट मुळीच नाही. मधुमेहात हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्याचा जो लाभ होतो, तो सिद्ध झालेला आहे. ते मूत्रावाटे साखर बाहेर टाकते. परंतु उपाशी पोट आणि शस्त्रक्रियेचा ताण एकत्र आले, की शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते आणि रक्त आम्लयुक्त होत जाते. मधुमेहातील ही एक जीवघेणी अवस्था आहे. एरवी अशा वेळी रक्तातील साखर भडकलेली असते आणि डॉक्टर सावध होतात. या औषधाच्या प्रभावाखाली मात्र साखर जवळपास नेहमीसारखीच दिसू शकते. घरात आग लागावी आणि धूर दिसू नये, तसा हा प्रकार. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये या गटातील औषधांच्या माहितीपत्रकांत सुधारणा करून ती नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी किमान तीन दिवस (गटातील एक औषध चार दिवस) बंद ठेवावीत, असा उल्लेख घातला.

योगायोग असा, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॅपाग्लिफ्लोझिनच्या भारतातील पेटंटची मुदत संपली. अनेक कंपन्यांनी ते बाजारात आणले आणि किमती कोसळल्या. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचेही तसेच झाले. ज्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, त्या देशात ही स्वस्ताई स्वागतार्हच म्हटली पाहिजे. परंतु औषध ज्या वेगाने घराघरांत पोहोचले, त्या वेगाने त्याची माहिती पोहोचली नाही. ते निरनिराळ्या व्यापारी नावांनी मिळते, कधी मेटफॉर्मिनबरोबर, कधी सिटाग्लिप्टिनबरोबर एकाच गोळीत दडलेले असते. रुग्णाच्या लेखी ती ‘साखरेची गोळी’च राहते.

या प्रसंगानंतर मी ही कथा लालबागेत सकाळी बरोबर फिरणाऱ्या एका स्नेह्यांना सांगितली. ते निवृत्त बँक अधिकारी आणि आर्य वैश्य समाजाचे. ऐकून ते म्हणाले, ‘तुम्हाला निदान गोळी विचारली. आम्हाला तर जात विचारली.’ काही वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीच्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांनी सरळ विचारले होते, की तुम्ही आर्य वैश्य का? ते संतापले. रुग्णालयात जातीचा काय संबंध, म्हणून त्यांनी व्यवस्थापनाकडे तक्रार केली. आजही त्यांना ते पुरते पटलेले नाही. मला मात्र, इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने, त्या प्रश्नाने अनेक दिवस झोपू दिले नाही.

भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू क्षणात सैल करणारे सक्सिनिलकोलीन नावाचे एक जुने, स्वस्त आणि अतिशय उपयुक्त औषध आहे. त्याचा अंमल चार-सहा मिनिटे टिकतो, कारण रक्तातील एक विकर त्याचे झपाट्याने विघटन करते. ज्यांच्या शरीरात हे विकर जन्मतःच नसते किंवा निकामी असते, त्यांच्यात तोच अंमल काही तास टिकू शकतो. शस्त्रक्रिया संपते, पण रुग्णाला हात हलवता येत नाही आणि स्वतःहून श्वास घेता येत नाही. कृत्रिम श्वसनयंत्र आणि प्रसंगावधानी डॉक्टर असतील, तर औषध उतरेपर्यंत रुग्णाला झोपवून ठेवतात आणि तो सुखरूप घरी जातो. यंत्र नसेल, किंवा काय घडते आहे हे ओळखलेच गेले नाही, तर परिणाम सांगायला नको. एरवी या उणिवेचा काहीही त्रास होत नाही. माणूस शंभर वर्षे जगला, तरी ती त्याला कळणार नाही.

जगात ही उणीव दुर्मीळ आहे. आर्य वैश्य समाजात ती इतर समाजगटांच्या जवळपास शंभरपट आढळते, असे २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नोंदवले आहे. तिला कारणीभूत होणारा या समाजातील विशिष्ट जनुकीय बदल २००६ मध्येच ओळखला गेला होता. याचे कारण आपल्या इतिहासात आहे. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग व के. थंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राइश यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की हा समाज काही थोड्या पूर्वजांपासून, शंभराहून अधिक पिढ्यांपूर्वी सुरू झाला आणि तेव्हापासून त्याने विवाहाचे कुंपण जवळजवळ अभंग राखले. जातिव्यवस्था वसाहतकाळात घट्ट झाली की त्याआधी, हा वाद आम्ही विद्यार्थिदशेत हिरिरीने घालत असू. त्या वादातील एक साक्ष शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपलेल्या माणसाच्या रक्तात सापडेल, अशी कल्पना कोणीही केली नव्हती.

महाराष्ट्रातील वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेलुगू मुलखातून आलेली आर्य वैश्य व्यापारी घराणी नांदेड, सोलापूर, चंद्रपूर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत आणि घराबाहेर सर्रास मराठी बोलतात. हैदराबाद-बेंगळुरूकडच्या अनेक भूलतज्ज्ञांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. तोच रुग्ण मुंबईत, इंदूरमध्ये किंवा लंडनमध्ये टेबलावर असेल, तर ती ठाऊक असेलच याचा भरवसा नाही. आणि प्रश्न एका समाजापुरताही नाही. त्याच २०१७ च्या संशोधनात दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजगट तपासले गेले. त्यांपैकी ८१ गटांत मूठभर पूर्वजांपासूनची अशी उत्पत्ती फिनलंडवासीय किंवा पूर्व युरोपातील ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र आढळली. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी समाजांच्या पोटात अशा अज्ञात गोष्टी असणार.

मग रुग्णालयात जात विचारावी काय? माझ्या स्नेह्यांचा संताप मला समजतो. ज्या देशात जात विचारणे हे बहुधा माणसाला खाली बसवण्यासाठी असते, तेथे रात्री खाटेपाशी येऊन तो प्रश्न टाकणे दुखावणारे ठरते. शिवाय तो अचूकही नाही. त्या समाजातील बहुसंख्य लोकांत ही उणीव नसते, आणि इतर समाजांतील थोड्यांत असते. त्याहून सोपा, कोणाचाही मान न दुखावणारा आणि अधिक उपयोगी प्रश्न आहे: ‘तुमच्या घरात, रक्ताच्या नात्यात कोणाला भूल दिल्यानंतर काही विपरीत घडले होते का? कोणाला जाग यायला किंवा श्वास घ्यायला फार वेळ लागला होता का?’ या प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर एक साधी रक्ततपासणी करता येते आणि दुसरे औषध निवडता येते.

या प्रश्नाची ताकद किती, याचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९६० साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याचा पाय मोटारीच्या धडकेने मोडला. शस्त्रक्रियेची वेळ आली, तेव्हा त्याला पायापेक्षा भुलेची धास्ती अधिक होती. त्याच्या दहा नातेवाइकांचा ईथरची भूल दिल्यानंतर मृत्यू झाला होता, असे तो सांगत होता. एखाद्याने त्याला घाबरट म्हणून सोडून दिले असते. तेथील डॉक्टरांनी ऐकून घेतले, ईथर टाळले आणि तेव्हा नवे असलेले हॅलोथेन वापरले. त्यानेही त्याचे शरीर तापू लागले, पण सगळे सावध असल्यामुळे वेळीच थांबून त्याला वाचवता आले. डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये ही हकीकत छापली, आणि भुलेमुळे शरीराचे तापमान प्राणघातक वेगाने चढण्याचा जो आनुवंशिक विकार आज जगभर शिकवला जातो, त्याची ओळख तेथून झाली. त्या ज्ञानाचा उगम एका रुग्णाच्या घरातल्या आठवणीत होता.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडचे आहे. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा वाद होता. हैदराबादेत एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या खर्चाने १८८८ व १८८९ साली दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी ‘लॅन्सेट’ने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला, की लक्ष श्वासावर ठेवावे, नाडीची चिंता करू नये. परंतु १९११ मध्ये ए. जी. लेव्ही या संशोधकाने दाखवले, की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलेतही हृदय अचानक बंद पडू शकते. आयोगातील मंडळी अप्रामाणिक नव्हती. त्यांची खात्री मात्र पुराव्यापेक्षा मोठी होती. तज्ज्ञांचा आदर करावा, पण त्यांच्या खात्रीपुढे आपली शंका गिळू नये, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

कायदा या बाबतीत कोठे उभा आहे? आपल्या सर्वोच्च न्यायालयातील या विषयावरचा पायाभूत निकाल एका मराठी घरातल्या मृत्यूवरचा आहे. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यात आणले गेले. तेथे भूल न देता, मॉर्फिनच्या एका इंजेक्शनवर, सहायकांच्या बळाने पाय ओढून हाड बसवण्यात आले आणि काही तासांतच त्याचा अंत झाला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते, दौंडला व्यवसाय करीत. सारे ठीक होईल या आश्वासनावर विसंबून ते दौंडला परतले होते. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा अंतिम निकाल १९६८ मध्ये लागला. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरांवर काळजी घेण्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने सांगितले. भरपाई ठरली तीन हजार रुपये. विधी महाविद्यालयांत आजही हा निकाल शिकवतात. मला त्यात आठवत राहतात ते दौंडला परतणारे वडील. डॉक्टर असलेल्या बापालाही विचारता आले नाही, तेथे शेतकऱ्याने किंवा शिक्षिकेने कसे विचारावे?

संमतीचा प्रश्न २००८ मध्ये ‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ या खटल्यात सविस्तर हाताळला गेला. केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचे गर्भाशय आणि बीजांडकोश, ती बेशुद्ध असताना, तिच्या आईची सही घेऊन काढून टाकण्यात आले होते. पूर्वी कर्नाटक उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी हा निकाल लिहिला. सज्ञान रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कोणी दिलेली संमती, तातडीचा प्रसंग नसेल तर, ग्राह्य नाही, आणि एका गोष्टीची संमती म्हणजे दुसरीची नव्हे, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. पण रुग्णाला किती माहिती द्यावी, या प्रश्नावर न्यायालयाने हात आखडता घेतला. भारतातील परिस्थिती ध्यानात घेता डॉक्टरांनी पुरेशी माहिती द्यावी, मात्र रुग्ण घाबरेल किंवा गोंधळेल अशा दूरच्या धोक्यांची वाच्यता करण्याची गरज नाही, असे ठरले.

माझा मतभेद या ‘दूरच्या’ शब्दाशी आहे. दूरचा म्हणजे कोणापासून दूरचा? सक्सिनिलकोलीनचा अंमल तासन्‌तास टिकणे हा माझ्यासाठी दूरचा धोका आहे. माझ्या फिरायला येणाऱ्या स्नेह्यांच्या घरात तो उंबरठ्यावर बसलेला असू शकतो. डॅपाग्लिफ्लोझिनचा धोका त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी होता. धोक्याचे अंतर सर्वसाधारण रुग्णावरून मोजता येत नाही, ते त्या खाटेवरच्या माणसावरूनच मोजावे लागते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात हेच मान्य केले. तीही एका मधुमेही स्त्रीचीच, प्रसूतीच्या वेळची कहाणी होती. या विशिष्ट रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगितला पाहिजे, अशी कसोटी तेथे लागू झाली. आणि रुग्णाला काय महत्त्वाचे वाटेल हे जाणून घ्यायचे, तर त्याच्याशी बोलावे लागते. त्याला पर्याय नाही.

न्यायालयाचा मार्ग खुला आहे, पण तो किती लांब असतो, हेही विसरू नये. कोलकात्यात एका त्वचाविकारावर स्टेरॉइडचे जबर डोस दिल्यानंतर अनुराधा साहा यांचा १९९८ मध्ये मुंबईत मृत्यू झाला. त्यांचे पती डॉ. कुणाल साहा यांना सर्वोच्च न्यायालयाकडून पाच कोटी ९६ लाख रुपयांची भरपाई मिळाली ती २०१३ मध्ये. पंधरा वर्षे लढण्याची चिकाटी, वैद्यकीय ज्ञान आणि साधने किती जणांकडे असतात?

शासनांनी काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये १७ हक्कांची रुग्णहक्क सनद तयार केली. कर्नाटकाने २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती केली, तेव्हा बेळगावच्या अधिवेशनावर डॉक्टरांचे मोर्चे निघाले आणि राज्यभर बाह्यरुग्ण विभाग बंद राहिले. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत रुग्णहक्कांचा समावेश केला. या सर्व प्रयत्नांचा भर स्वाभाविकपणे दर, बिले आणि मृतदेह अडवून न ठेवणे यांवर राहिला, कारण लोकांचा संताप तेथे होता. आयोगाच्या सनदेच्या अखेरीस रुग्णांच्या जबाबदाऱ्याही आहेत. डॉक्टरांनी विचारल्यास सर्व माहिती न लपवता द्यावी, ही त्यांपैकी एक. पण विचारलेच नाही, तर? उत्तर देण्याचे कर्तव्य आपण लिहिले, विचारण्याचे लिहिले नाही.

प्रशासनात आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. जो रकाना छापील नमुन्यात असतो, तोच भरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची एकोणीस कलमी तपासणीसूची आणली. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. इतका साधा कागद आणि इतका मोठा परिणाम. त्या सूचीत ॲलर्जीचा प्रश्न आहे, रोजच्या औषधांचा आणि घराण्यातील भुलेच्या अनुभवाचा नाही, कारण ती विचारपूस आधीच झालेली असेल असे गृहीत धरले आहे. आपल्याकडे ते गृहीतच कच्चे आहे. मी सह्या केलेल्या कागदांपैकी बहुतेक कागद रुग्णालयाचे रक्षण करणारे होते. माझे रक्षण करणारा कागद त्या गठ्ठ्यात नव्हता.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. पहिली, प्रत्येक नियोजित शस्त्रक्रियेआधी एका पानाचा प्रश्नार्थक नमुना रुग्णाच्या भाषेत भरून घेणे राज्यांनी बंधनकारक करावे. त्यात रोजची सर्व औषधे त्यांच्या मूळ घटकांसह, वैद्यांकडची चूर्णे आणि पुड्यांसह, आणि रक्ताच्या नात्यातील भुलेचे अनुभव असावेत. दुसरी, भूलतज्ज्ञांची भेट तारीख ठरतानाच व्हावी, आदल्या रात्री नव्हे. तीन दिवस आधी थांबवायचे औषध आदल्या रात्री कळून उपयोग काय? तिसरी, भुलेच्या वेळी काही विपरीत घडले, तर औषधाच्या नावासह लेखी टिपण रुग्णाला देणे सक्तीचे असावे, म्हणजे ते त्याच्या भावंडांना आणि मुलांना उपयोगी पडेल. चौथी, २०२१ पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या डिजिटल आरोग्य अभियानाच्या खात्यात हे टिपण सर्वांत वर दिसावे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्व नागरिकांना आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण मिळाले आहे. पाच-सहा औषधे एकाच वेळी घेणारी माणसे आता अधिक संख्येने शस्त्रक्रियेला जातील. या चारही गोष्टींना खर्च लागतो तो मुख्यतः कागदाचा आणि वेळेचा.

हा वेळ डॉक्टरांकडे नसतो, हे मला मान्य आहे. सरकारी रुग्णालयांत भूलतज्ज्ञांची कमतरता आहे, आणि एखादा मृत्यू झाला की नातेवाईक कॉलर धरतात, ही भीतीही खरी आहे. परंतु विचारपूस झालेली असेल, तर हे दोन्ही ताण कमीच होतील. आणि शासनाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असा समज घट्ट आहे. गोळ्यांची पाकिटे तपासायला पुढे करण्यात अविश्वास कसला? वजन घटवण्यासाठी आठवड्याला घेतले जाणारे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन अनेक जण संकोचाने लपवतात. ते जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते, आणि उपाशी ठेवलेल्या रुग्णाच्याही पोटातले अन्न भुलेत फुप्फुसात जाऊ शकते. २०२३ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने ते आठवडाभर आधी थांबवण्यास सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक संघटनांनी मिळून तो सल्ला सौम्य केला आणि रुग्णागणिक विचार करावा, असे म्हटले. जेथे तज्ज्ञांचा सल्ला दीड वर्षात बदलतो, तेथे रुग्णाने गप्प राहून चालणार नाही.

एक इशारा मात्र देणे आवश्यक आहे. हे वाचून कोणी परस्पर गोळ्या बंद करू नयेत. हृदयातील रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने थांबवली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन शस्त्रक्रियेआधीच जीव जाऊ शकतो. थांबवायचे की चालू ठेवायचे, आणि थांबवायचे तर किती दिवस, हे हृदयतज्ज्ञ, शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते. तो निर्णय झाला आहे की नाही, हे विचारण्याचा आणि तो लेखी मागण्याचा अधिकार मात्र रुग्णाचा आहे.

माझी शस्त्रक्रिया पाचव्या दिवशी व्यवस्थित पार पडली. दुसऱ्या खेपेस कागद आले, तेव्हा मी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. ‘पूर्वी कोणत्याही औषधाचा त्रास नाही’ हे वाक्य आधीच छापलेले होते. त्यापुढे सही करण्याआधी मी म्हैसूरला माझ्या ८१ वर्षांच्या थोरल्या बहिणीला फोन केला. आमच्या घरात भुलेचा कोणाला त्रास झाला होता का, असे विचारले. ती बराच वेळ आठवत राहिली. वडिलांच्या वेळी काही झाले नव्हते, म्हणाली. पण आईला एकदा दात काढताना कसलेसे इंजेक्शन दिले होते, तिचा चेहरा सुजला होता आणि श्वास लागला होता. साल बहुधा १९६८. कोणते इंजेक्शन होते, ते कोणी लिहून ठेवले नव्हते.

ते छापील वाक्य खोडून मी बहिणीने सांगितले तेवढे कन्नडमध्ये लिहिले आणि मग सही केली.